‘हो सिस्टर, समजलं’ आणि पुन्हा चार किलो

पत्र असं आहे:

‘डायलिसिस विभागात मला आठ महिने झाले. एका शिफ्टला माझ्याकडे चार पेशंट असतात. पाणी किती, मीठ किती, पोटॅशियम, फिस्टुलाची (सुई टोचण्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेची) काळजी, गोळ्या, सगळं प्रत्येकाला सांगते. सगळे म्हणतात, “हो सिस्टर, समजलं.” एक काका आहेत. त्यांचं ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) 58 किलो, गेल्या वेळी भरले 62.1. मी जरा चढ्या आवाजात बोलले. ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही रोज रागावता, पण तहान लागते तिचं काय करू ते कुणीच सांगत नाही.” तिसऱ्या तासाला त्यांचं बीपी पडलं, पायात गोळे आले, सलाइन द्यावं लागलं आणि अर्धा तास आधीच मशीन बंद केलं. सीनियर म्हणतात, फाइलमध्ये “समजावून सांगितले” असं लिही, आपली जबाबदारी संपली. खरंच संपते का?’

सिस्टर, नाही संपत. पण तुमचं कुठं चुकतंय हे काकांनी एका वाक्यात सांगून टाकलंय. तुम्ही त्यांना पाणी कमी प्यायला सांगताय आणि ते तुम्हाला तहानेबद्दल विचारताहेत. तहान का लागते हे शोधल्याशिवाय पाण्याचा आकडा दहा वेळा सांगूनही काही बदलणार नाही.

आधी हिशेब बघू, कारण तो तुमच्या डोक्यात पक्का असेल तरच काकांना सोपा करून सांगता येईल. वाढलेलं वजन 4.1 किलो. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन साधारण 300 मिली धरलं, तर काढायचं पाणी 4.4 लिटर. चार तासांत काढायचं म्हणजे ताशी 1100 मिली, म्हणजे 58 किलोच्या माणसाला किलोमागे ताशी 19 मिली. किलोमागे ताशी 13 मिलीच्या वर गेलं की धोका वाढतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तीच मर्यादा धरतात. काही डॉक्टर तर 10 च्या आसपासच थांबतात. 13 च्या हिशेबाने काकांचं चार तासांत फार तर 3 लिटर निघू शकतं. 4.4 लिटर काढायला जवळजवळ सहा तास लागले असते. पाणी आधी रक्तातून निघतं, मग पेशींभोवतालच्या जागेतून ते रक्तात झिरपत येतं. काढण्याचा वेग झिरपण्यापेक्षा जास्त झाला की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात, बीपी खाली येतं, स्नायूंना रक्त कमी पडतं आणि गोळे येतात. त्या दिवशी मशीनवर यूएफचा, म्हणजे काढायच्या पाण्याचा, आकडा टाकला तेव्हाच तिसऱ्या तासाला काय होणार ते ठरून गेलं होतं. तो आकडा टाकण्याआधी डॉक्टरांना विचारून वेळ वाढवणं किंवा मधल्या दिवशी एक जादा सेशन लावणं हे पर्याय होते.

आता पुढची गोष्ट. मशीन अर्धा तास आधी बंद झालं, म्हणजे किमान अर्धा लिटर पाणी आत राहिलं. बीपी पडल्यावर यूएफ थांबवलं असेल, तर आणखी जास्त. गोळे आले म्हणून समजा 300 मिली सलाइन दिलं. त्यात 2.7 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे काका घरी गेले ते उरलेलं पाणी आणि वरून आपणच दिलेलं मीठ घेऊन. त्या संध्याकाळी त्यांना तहान लागली तर त्यात नवल काय? पुढच्या वेळी काट्यावर जे दिसतं ते सगळं काकांनी ‘चोरून प्यालेलं’ नसतं. म्हणून येतानाचं वजन ड्राय वेटशी ताडून पाहाच, पण मागच्या सेशननंतर घरी जाताना किती होतं त्याच्याशीही ताडून पाहा. दोन दिवसांत खरं किती वाढलं ते तिथेच कळतं.

मीठ आणि पाणी यांचं नातं पेशंटला एका वाक्यात सांगता येतं: 8 ग्रॅम मीठ पोटात गेलं की ते पातळ करायला शरीर सुमारे 1 लिटर पाणी मागतं, आणि ते मिळेपर्यंत तहान शमत नाही. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, एवढंच मीठ पुरे. तेही वरून घेतलेलं आणि तयार पदार्थांतून येणारं धरून. पाणी कमी करा असं सांगण्याआधी मीठ कमी करवा. मीठ खाऊन तहान मारायला सांगणं म्हणजे निव्वळ छळ आहे, आणि तो कुणालाच जमत नाही. एक सावधगिरी मात्र त्याच दमात सांगा. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिसच्या पेशंटला ते चालत नाही. मीठ कमी करायला सांगितलं आणि पेशंट तेच घेऊन आला, हा घोळ नेहमीचा आहे.

काकांना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ‘तहान सगळ्यात जास्त कधी लागते?’ उत्तरावरून बरंच उलगडतं. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी लागत असेल तर दिलेलं सलाइन बघा आणि मशीनच्या द्रावणातलं सोडियम बघा. काकांचं रक्तातलं सोडियम 135 असेल आणि मशीन 140 ला लावलेलं असेल, तर आपण दर वेळी त्यांना मीठ भरून पाठवतोय. तो आकडा बदलणं डॉक्टरांचं काम आहे, पण त्यांच्या नजरेला आणून देणं तुमचं. रात्री तोंड कोरडं पडून जाग येत असेल तर तोंडाने श्वास घेण्याची सवय किंवा एखादं औषध कारण असू शकतं. तिथे गुळणी करून टाकणं, ओठ ओले ठेवणं, बिनसाखरेचा च्युइंगम चघळणं याने भागतं. दिवसभर सारखी तहान असेल तर मीठ, आणि मधुमेह असेल तर वाढलेली साखर. साखर चढलेली असताना पाणी आवरा म्हणून सांगणं व्यर्थ आहे. आणि ‘गोळ्या कशाबरोबर घेता?’ हेही विचारा. दिवसातून तीनदा गोळ्या आणि प्रत्येक वेळी पेलाभर पाणी, असे 600 मिली तिथेच संपतात. ज्या जेवणाबरोबर चालतात त्या गोळ्या जेवताना एकदम, दोन घोटांत घ्यायच्या.

दिवसाचं पाणी किती हा आकडा डॉक्टर ठरवतात. साधारण रीत अशी की चोवीस तासांत जेवढी लघवी होते त्यात 500 ते 750 मिली मिळवायचे. ही बेरीज एकदा होते आणि मग वर्षभर तशीच राहते. दरम्यान लघवी कमी होत जाते, पेशंट मात्र जुना आकडा प्रामाणिकपणे पाळत असतो आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. दर दोन-तीन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी मोजून आणायला सांगा. आकडा पाळायला बाटलीची युक्ती बरी पडते. सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत भरायचं आणि त्यातूनच प्यायचं. दुसरं काही पातळ प्यालो की तेवढंच बाटलीतून ओतून टाकायचं. बर्फही पाण्यातच धरायचा. वाचता न येणाऱ्यालाही उरलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. घोट लहान व्हावेत म्हणून पेला लहान ठेवायचा.

बोलायचं कसं, हा तुमच्या पत्रामागचा खरा प्रश्न. ‘समजलं का?’ हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर कुणी देत नाही. सुई तुमच्या हातात असताना कोण ‘नाही’ म्हणेल? त्याऐवजी म्हणा: ‘काका, मला नीट सांगता आलं की नाही ते बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना मिठाबद्दल काय सांगाल?’ परीक्षा तुमची आहे, त्यांची नाही, हे शब्दांतून कळलं पाहिजे. मग ते जे बोलतील ते ऐका. ‘पाणी बंद करायचं’ असं म्हणाले तर तुमचं सांगणं चुकलं. फक्त तेवढाच तुकडा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा आणि पुन्हा विचारा. दोनदा फिरूनही बसलं नाही तर शब्द सोडा आणि वस्तू दाखवा, बाटली, चमचा, पेला. सांगण्याआधीही विचारायचं असतं. ‘वजन का वाढतं असं तुम्हाला वाटतं?’ याला कुणी ‘अंगात रक्त भरलं’ म्हणतो, कुणी ‘तब्येत सुधारतेय’ म्हणतो. तो समज तसाच राहिला तर त्याच्यावर रचलेलं सगळं शिक्षण वाहून जातं. आणि कधी कधी तब्येत खरंच सुधारलेली असते. जेवण वाढलं, अंग भरलं, आणि ड्राय वेट मात्र जुनंच राहिलं, तर आपण मांसाला पाणी समजून काढायला बघतो. गोळे वारंवार येत असतील, सूज नसेल, बीपी कमी असेल, तर ड्राय वेट पुन्हा ठरवायची वेळ झाली का, हे डॉक्टरांना विचारा. वजन करताना कपडे आणि चपला दर वेळी सारख्याच आहेत ना, हेही.

वजनाचा आकडा हॉलभर ओरडून सांगायचा नाही. ‘चार किलो वाढवलेत!’ हे बाजूच्या तीन खुर्च्यांना ऐकू गेलं की माणूस पुढच्या वेळी वजन कमी करायच्या नाही, लपवायच्या मागे लागतो. काहीजण तर रागावणं नको म्हणून सेशनच चुकवतात. काट्यावर आकडा त्यांना दाखवा, त्यांनाच वाचू द्या, आणि हळू आवाजात विचारा, ‘या दोन दिवसांत काय वेगळं झालं?’ ‘का ऐकत नाही?’ आणि ‘काय झालं?’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वेळेचंही भान ठेवा. रक्त मशीनमधून फिरत असताना लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावतात, शेवटच्या तासात तर फारच. बहुतेक विभागांत शिकवणं नेमकं तेव्हा चालतं, कारण सिस्टरला तेव्हा सवड असते! नवीन काही सांगायचं ते मशीनला लावण्याआधी किंवा लावल्यावर बीपी स्थिर झालं की पहिल्या तासात, पाच मिनिटं, एकच विषय. महिन्याला बारा-तेरा सेशन होतात, म्हणजे बारा विषय आरामात होतात. एका दिवशी पाच विषय सांगितले की एकही राहत नाही. खुर्ची ओढून समोर बसा, उभं राहून वरून बोलू नका. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ आहे का ते बघा. बरेच पेशंट ते घरी ठेवून येतात आणि मग आपल्या ओठांकडे बघून मान हलवतात. मास्कमुळे तर ओठही दिसत नाहीत.

विषयांचा क्रम कसा लावायचा? जीवावर बेतणारं आधी. फिस्टुलावर रोज सकाळी-संध्याकाळी बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायचं. काल लागत होती आणि आज लागत नाही, तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच वेळी फोन. त्या हाताचं बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, त्या हातावर झोपणं नाही. घरी रक्त वाहू लागलं तर भोकावर स्वच्छ गॉज ठेवून बोटांनी नेमकं तिथेच दाबायचं, आडवं होऊन हात वर धरायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. टॉवेल गुंडाळायचा नाही. जाड कापडाने दाब पसरतो आणि आत किती रक्त गेलं ते दिसत नाही. हे नुसतं सांगून भागत नाही. सुई काढल्यावर गॉज त्यांच्याच बोटांनी धरायला लावा, दर सेशनला दहा-पंधरा मिनिटं तोच सराव होतो. फिस्टुलाऐवजी कॅथेटर (शिरेत बसवलेली नळी) असेल तर थंडी वाजून ताप, ड्रेसिंग ओलं होणं, टोपण सैल होणं या तीन गोष्टींना फोन. आणि सेशन चुकलं असताना पाय लुळे वाटणं, छाती धडधडणं किंवा आडवं पडल्यावर दम लागणं याला फोनही नको, सरळ हॉस्पिटल. पोटॅशियम खूप वाढूनही काही जाणवत नाही असं होतं, म्हणून ‘मला तर बरं वाटतंय’ हे सेशन चुकवण्याचं कारण चालत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्यात एकदा मध्ये सलग दोन दिवस सुटी पडते; तो लांब खंड सगळ्यात जोखमीचा असतो. मीठ-पाण्याची आठवण त्या खंडाच्या आधीच्या सेशनला करा.

‘सिस्टर, लवकर सोडा’ याला काय म्हणायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रोज ऐकत असाल. आधी कारण विचारा. पाय दुखतात, लघवीला जायचंय, न्यायला येणारा खोळंबलाय, प्रत्येकाचा इलाज वेगळा. मग आकडा सांगा. दर वेळी फक्त 15 मिनिटं कमी केली तर वर्षाच्या 156 सेशनमध्ये 39 तास जातात, म्हणजे चार तासांची जवळजवळ दहा सेशन वाया. तरीही त्यांना थांबायचं नसेल तर डॉक्टरांना कळवा, फाइलमध्ये लिहा आणि भांडू नका.

सुईचंही असंच. ‘तिथेच टोचा, तिथे दुखत नाही’ असं पेशंट म्हणतात, आणि घाईत आपणही ऐकतो. एकाच जागी टोचून तिथली त्वचा बधिर होते आणि रक्तवाहिनीची भिंत पातळ होऊन फुगा धरतो. तो फुटला तर रक्त थांबवणं कठीण. त्यांना त्यांच्याच हातावरचा फुगा दाखवा आणि सुईची जागा दर वेळी थोडी वर-खाली का सरकवतो ते सांगा. दुखण्याची भीती खरी आहे. बधिर करणारं मलम पाऊण ते एक तास आधी लावून यायची सोय डॉक्टरांना विचारून करता येते. कायम एकाच भोकातून बोथट सुई घालण्याची पद्धत वेगळी, ती ठरवून आणि ठरावीक हातांनीच करायची असते. ‘एकाच जागी टोचणं’ आणि ती एक नव्हे.

फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच का, हे एकदा नीट सांगितलं की पुरतं. ही गोळी अन्नातलं फॉस्फरस आतड्यातच पकडते. अन्न नसेल तर पकडणार काय? रिकाम्या पोटी घेतलेली गोळी वाया जाते.

बीपी पडण्याची पूर्वसूचना पेशंटला आपल्याआधी कळते. जांभया येणं, कानात गुंजणं, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, पायात ओढ लागल्यासारखं वाटणं. ‘यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी हाक मारा, उगाच हाक मारली असं कुणी म्हणणार नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगा आणि ते पाळा. एकदा कुणी ‘आता काय?’ असं तोंड वाकडं करून म्हटलं की तो पेशंट पुढच्या वेळी बेशुद्ध पडेपर्यंत गप्प राहतो. नवीन पेशंटला मशीनचे आवाजही आधीच सांगून ठेवा. हात वाकला तरी अलार्म वाजतो, त्याचा अर्थ काही भयंकर झालं असा नाही.

मिठाबद्दल बोलायचं ते काकांशी, पण स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशीही. काकांची परवानगी घेऊन काकूंना एका सेशनला पहिल्या तासात बोलवा. आणि विभागात सगळ्यांनी एकच आकडा सांगा. डॉक्टर 1 लिटर म्हणाले, आहारतज्ज्ञ सव्वा, तुम्ही पाऊण, तर काका त्यातला सोयीचा धरणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पेशंटच्या वहीत पहिल्याच पानावर डॉक्टरांनी ठरवलेला आकडा मोठ्या अक्षरात लिहा. शिफ्ट बदलताना आज काय सांगितलं आणि पेशंट त्यावर काय म्हणाला, ते पुढच्या सिस्टरला सांगा.

एक वेगळी खूण ओळखायला शिका. पेशंट सगळं बरोबर सांगतो, पण करत नाही, आणि म्हणतो, ‘कशाला आता एवढं?’ जेवण उडालंय, झोप उडालीय, कुणाशी बोलत नाही. तिथे शिकवणं थांबवा. माहिती कमी पडल्याची ती तक्रार नाही. डायलिसिसच्या पेशंटांत नैराश्य पुष्कळ आढळतं. ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. ‘किती दिवस असं वाटतंय?’ एवढं विचारा, ऐका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. जगणं नको असं बोलले तर तेव्हाच्या तेव्हा.

आता काकांकडे पुढच्या सेशनला काय करायचं ते. काट्यापाशी काही बोलू नका. मशीनला लावा, बीपी स्थिर झालं की बसा आणि म्हणा, ‘काका, त्या दिवशी मी रागावले, ते बरोबर नव्हतं. तहानेबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर आज बोलू.’ तहान कधी लागते ते विचारा. मिठाचं आणि बाटलीचं, दोनातलं काय जमेल ते त्यांनाच निवडू द्या. ‘एक ते दहामध्ये किती जमेल असं वाटतं?’ विचारा. चार म्हणाले तर ‘दोन का नाही म्हणालात?’ असं विचारा, म्हणजे काय जमण्यासारखं आहे ते त्यांच्याच तोंडून येईल. मग पुढच्या वेळेसाठी लहान उद्दिष्ट ठेवा. 4.1 वरून एकदम 2.5 नको, 3.5 पुरे. 3.5 आले तर ते मोठ्याने म्हटलं तरी चालेल, ते हॉलभर ऐकू जायला हरकत नाही.

आणि सीनियरना हवी ती नोंदही करा, फक्त ‘समजावून सांगितले’ एवढंच लिहू नका. अशी लिहा: ‘मीठ व तहान यांचा संबंध सांगितला, 5 मिनिटे, पहिला तास. पेशंटच्या शब्दांत: “मीठ कमी केलं तर तहान कमी लागेल, बायकोला वरचं मीठ बंद करायला सांगतो.” तहान मुख्यतः डायलिसिसच्या संध्याकाळी, मशीनचे सोडियम व मागील सलाइनबाबत डॉक्टरांना कळवले. पुढील सेशनला: वरचे मीठ बंद झाले का ते विचारणे.’